बारा दासी आणि आमच्या वहिनी



या वेळी आमचा विषय ठरलेला होता. रेशन कार्डात नाव कसे चढवावे, त्यासाठी कोणते दाखले लागतात आणि अर्ज परत आला तर काय करावे, हे आम्ही लिहायला घेतले होते. अर्धा मजकूर लिहूनही झाला होता. पण मधल्या आठवड्यात आमच्या घरात असे काही घडले की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पेन पुढे सरकेना. रेशन कार्ड पुढच्या अंकी नक्की. आज गोष्टींच्या पुस्तकांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, कुठे रेशन कार्ड आणि कुठे कादंबरी! पण शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

आमची पुतणी टी.वाय.बी.ए.ला आहे. गेल्या वर्षभरात तिला आणि तिच्या मैत्रिणींना एका प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्यांचे वेड लागले आहे. नवे पुस्तक घेणे परवडत नाही. मग फाउंटनच्या फुटपाथवरून जुने घ्यायचे आणि पाच-सहा जणींनी फिरवून वाचायचे. आमच्या हाती आलेल्या पुस्तकाच्या पाठीला चिकटपट्टी होती. शेवटच्या कोऱ्या पानावर प्रत्येकीने आपले नाव आणि वाचून संपवल्याची तारीख लिहिली होती. त्यांतली एक नर्सिंगचा कोर्स करते, एक मॉलमध्ये काउंटरवर उभी असते. दिवसभर उभे राहून पाय दुखतात, तरी लोकलमध्ये जागा मिळाली की ती मोबाइल ठेवून हे पुस्तक काढते म्हणे. आम्हाला नवल वाटले. एवढे आहे तरी काय त्यात?

तर या कादंबऱ्या म्हणजे ग्रीक लोकांच्या जुन्या पुराणकथा, पण बायकांच्या बाजूने सांगितलेल्या. ग्रीक म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतले यवन. भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा 'मिलिंदपञ्ह'मधला राजा मिलिंद हा ग्रीक मिनँडर. ज्याच्या नावावरून आपण आपल्या पोरांची नावे ठेवतो, त्याच्या लोकांच्या या कथा. होमर नावाच्या कवीची दोन महाकाव्ये प्रसिद्ध आहेत, सुमारे २७०० वर्षांपूर्वीची. 'इलियड'मध्ये ट्रॉय शहराच्या दहा वर्षे चाललेल्या युद्धातला एक भाग आहे. 'ओडिसी'मध्ये त्या युद्धावरून घरी परतायला आणखी दहा वर्षे लागलेल्या ओडिसियस राजाची कथा आहे. दोन्हींत पराक्रम पुरुषांचे. बायका आहेत, पण कुणी पळवलेली, कुणी वाटणीला आलेली, कुणी वाट पाहणारी.

या वाट पाहणाऱ्या, वाटणीला आलेल्या बायकांना आजच्या लेखिकांनी बोलते केले. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवूड यांनी २००५ साली 'द पेनेलोपियाड' लिहिले. त्यात ओडिसियसची राणी पेनेलोपी मेल्यानंतर आपली बाजू सांगते. अमेरिकेत लॅटिन-ग्रीक शिकवणाऱ्या मॅडलिन मिलर यांची 'सर्सी' २०१८ साली आली. त्याच वर्षी इंग्लंडच्या पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' आली. या दोन्ही कादंबऱ्या २०१९ साली तिकडच्या स्त्री-लेखिकांसाठीच्या मोठ्या पुरस्काराच्या अंतिम यादीत होत्या. पुढच्या वर्षी त्याच यादीत नॅटली हेन्स यांची 'अ थाउजंड शिप्स' आली. २०२१ साली 'ॲरियाडनी' लिहिणाऱ्या जेनिफर सेंट आधी शाळेत इंग्रजीच्या बाई होत्या. पॅट बार्कर तर आजी-आजोबांकडे वाढल्या आणि त्या आजी-आजोबांचे तळलेले मासे नि बटाटे विकायचे दुकान होते. त्यांची पहिली कादंबरी १९८२ ची, कामगार वस्तीतल्या बायकांवर. म्हणजे ही सगळी मंडळी बंगल्यातली आहेत असे समजायचे कारण नाही.

पोरींना यात काय आवडते, असे आम्ही विचारले. मॉलवालीने सर्सीचे नाव घेतले. होमरच्या काव्यात सर्सी ही जादूगारीण, बेटावर आलेल्या खलाशांची डुकरे करते. का करते, ते काव्यात नाही. मिलरच्या कादंबरीत आहे. सर्सी देवाच्या घरात जन्मलेली, पण घरात सगळ्यांत कमी लेखलेली. तिच्या आवाजाची टिंगल व्हायची. तिला एका बेटावर एकटी टाकतात. तिथे ती झाडपाला ओळखायला शिकते, चुकते, पुन्हा करते. तिची जादू म्हणजे आकाशातून पडलेले वरदान नाही, हाताने केलेले काम आहे. मग खलाशी येतात, ती त्यांना जेवू घालते, आणि ती एकटी आहे हे कळल्यावर ते तिच्यावर अत्याचार करतात. त्यानंतर ती डुकरे करायला लागते. ती पोरगी म्हणाली, "काका, गोष्ट तीच आहे. फक्त आधी काय झालं ते सांगितलं, आणि सगळी गोष्टच फिरली."

नर्सिंगवालीने मेड्यूसाचे सांगितले. केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडे पाहिले तर माणूस दगड होतो ती राक्षसीण. रोमन कवी ओव्हिड याने तिची आधीची हकीकत सांगितली आहे. समुद्राच्या देवाने तिला देवीच्या मंदिरात नासवले आणि देवीने शिक्षा केली ती तिलाच. नॅटली हेन्स यांनी २०२२ साली 'स्टोन ब्लाइंड' ही कादंबरी तिच्यावर लिहिली. "गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला," पोरगी म्हणाली आणि गप्प बसली. या वाक्यासाठी ग्रीसपर्यंत जायची गरज नाही, हे आम्हालाही कळले आणि तिलाही.

आमच्या वस्तीच्या वाचनालयात आम्ही हा विषय काढला तेव्हा ज्येष्ठ मंडळींनी नाके मुरडली. एकजण म्हणाले, "पोरींनी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचावीत. हे असले वाचून नोकरी लागणार आहे का?" दुसरे म्हणाले, "आपण बुद्धिवादी माणसं. आपल्याच देशातल्या पुराणांतून मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, आता परदेशातले देव घरात आणायचे?"

पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, स्पर्धा परीक्षेचे पुस्तक वाचलेच पाहिजे, पण ज्या पोरीला गोष्ट वाचायची गोडी लागली तिला जाडे पुस्तक पाहून भीती वाटत नाही. दुसरा प्रश्न मोलाचा आहे. पण या ग्रीक देवांना नवस बोलणारे कुणी आम्हाला अजून भेटलेले नाही. ते देव आता पुस्तकातच उरले. म्हणूनच त्यांच्याकडे निर्भयपणे पाहता येते. ही पुराणे श्रद्धेने न वाचता दप्तर म्हणून वाचावीत. त्या समाजाला काय योग्य वाटत होते, काय चालून जात होते, याची ती नोंद आहे. कथा उलटतपासायची सवय एकदा लागली की ती सवय ग्रीसपुरती राहत नाही.

आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे कारकुनी केलेले. काव्यातले फारसे कळत नाही, पण नोंद कळते. पुतणीने कॉलेजच्या ग्रंथालयातून दोन्ही महाकाव्यांची इंग्रजी भाषांतरे आणून दिली. शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही रात्री चाळू लागलो आणि आमच्यातला कारकून जागा झाला. इलियडच्या २३ व्या सर्गात कुस्तीची बक्षिसे आहेत. जिंकणाऱ्याला तिपाई भांडे, किंमत १२ बैल. हरणाऱ्याला कामात हुशार अशी एक बाई, किंमत ४ बैल. म्हणजे एका भांड्यात तीन बायका. नवव्या सर्गात राजा ॲगमेम्नॉन रुसलेल्या अकिलीसची समजूत घालण्यासाठी जे देऊ करतो त्याची यादी आहे. ७ तिपाया, सोन्याचे १० तोलभार, २० हंडे, १२ घोडे, ७ बायका. भांडी, सोने, घोडे, बायका. आमच्या ऑफिसात मालसाठ्याचे रजिस्टर असते, त्यात असेच रकाने असतात.

या रजिस्टरातली एक बाई म्हणजे ब्रिसेइस. अकिलीसने तिचा नवरा मारला, तीन भाऊ मारले, आणि तीच त्याला लुटीतला वाटा म्हणून मिळाली. पुढे ॲगमेम्नॉन तिला हिसकावून घेतो आणि त्यावरून दोन पुरुषांचे भांडण लागते. इलियड सुरू होते ती या भांडणापासून. एवढे महाकाव्य जिच्यावरून उभे राहिले तिला त्यात बोलायला एकच जागा मिळते, १९ व्या सर्गात. अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस मेलेला असतो, त्याच्या प्रेतापाशी ती रडते. भोवतालच्या दासीही रडतात. होमर तिथे सांगतो की, त्यांचे निमित्त पॅट्रोक्लसचे होते, रडत होत्या त्या आपापल्या दुःखासाठी. त्या जुन्या कवीला हे दिसले होते, त्याचा मान त्याला द्यायला हवा. कुणाच्या मयतीला गेलेल्या आपल्या बायाबापड्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. पॅट बार्करची कादंबरी या ब्रिसेइसच्याच तोंडून आहे.

असो. आता मूळ प्रसंगाकडे येतो.

वाचनालयात महिन्यातून एका रविवारी दुपारी बायकांसाठी गोष्ट सांगायचा कार्यक्रम असतो. त्या रविवारी पुतणीने 'पेनेलोपियाड' मराठीत सांगायचे ठरले. वीस-पंचवीस बाया आल्या होत्या. आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे पुतणीची आई, दाराजवळ बसल्या होत्या. वहिनी गेली बावीस वर्षे धुणीभांडी, स्वयंपाकाची कामे करतात. आमचे बंधू रात्रपाळीला वॉचमन असतात. लेकीला स्टेजवर बोलताना वहिनी पहिल्यांदाच ऐकत होत्या.

पुतणीने छान सांगितले. राजा वीस वर्षे घरी नाही. राणीशी लग्न करायला आलेले पाहुणे घरात ठाण मांडून बसलेत, खातात, पितात. राणी म्हणते, सासऱ्यासाठी कफन विणून होऊ द्या, मग लग्नाचे बघू. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षे अशी काढते. बाया खूश झाल्या. एक म्हणाली, "हुशार गं बाई!" वहिनींनी तर तिचे नावच ठेवले, पेनूबाई.

मग राजा वेष पालटून येतो आणि मुलाच्या मदतीने त्या सगळ्यांना मारतो. राजाने म्हातारी दासी युरिक्लिया हिला विचारले, घरातल्या कोणत्या बायका बेइमान झाल्या? युरिक्लिया ही स्वतः लहानपणी २० बैलांच्या किमतीला विकत घेतलेली. ती सांगते, घरात ५० दासी आहेत, त्यांतल्या १२ वाईट निघाल्या. त्या बारा जणींकडून आधी प्रेते उचलून घेतात, टेबल-खुर्च्यांवरचे रक्त धुऊन घेतात. काम संपले की अंगणात नेऊन एका दोराला रांगेने फाशी देतात. तलवारीचे मरण यांना द्यायचे नाही, असे राजाचा मुलगा ठरवतो. काव्यात जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा आहे. पाय थोडा वेळ हलले, एवढीच त्यांची नोंद.

ॲटवूडबाईंनी इथे बोट ठेवले. त्यांच्या कादंबरीत त्या बारा जणी राणीच्या विश्वासातल्या होत्या. रात्री कफन उसवायला त्याच मदत करायच्या. पाहुण्यांत मिसळा, त्यांची बित्तंबातमी आणा, हवे तर माझ्याविषयी वाईट बोला, असे राणीनेच त्यांना सांगितले होते. ही गोष्ट राणीने दुसऱ्या कुणाला कळू दिली नव्हती. फाशी झाली तेव्हा राणी झोपेत होती. उठल्यावर तिला कळले. आणि ती बोलली नाही. बोलली असती तर नवऱ्याचा संशय तिच्यावर आला असता.

वाचनालयात एकदम शांतता झाली. तेवढ्यात वहिनींचा आवाज आला, "त्या बारा जणींची नावं काय गं?"

पुतणी थांबली. म्हणाली, "आई, काव्यात एका उद्धट दासीचं नाव येतं, मेलँथो. पण फाशी दिलेल्या बारा जणींची यादी कुठं नाही."

"आणि त्या पाहुण्यांची?"

"त्यांची आहेत बरीच नावं."

वहिनी पुढे काही बोलणार होत्या. आणि तेवढ्यात आम्ही, म्हणजे हे सदर लिहिणारे, समाजकार्य करणारे आम्ही, खुर्चीवरून म्हणालो, "वहिनी, मध्ये बोलू नका, पोरीला पुढं सांगू द्या." वहिनींनी पदर सारखा केला आणि त्या गप्प बसल्या. पुतणीने आमच्याकडे पाहिले, काही न बोलता गोष्ट पुढे नेली.

रात्री आम्ही ओडिसी उघडले. पहिल्याच सर्गात एक प्रसंग आहे. पेनेलोपी खाली बैठकीत येते आणि गाणाऱ्याला म्हणते, हे दुःखाचे गाणे थांबव, दुसरे म्हण. तिचा मिसरूड फुटलेला मुलगा टेलेमाकस तिला सांगतो, तू आत जा, तुझे माग-चरख्याचे काम बघ, बोलणे हे पुरुषांचे काम. इंग्लंडच्या इतिहासकार मेरी बिअर्ड यांनी २०१७ साली बायका आणि सत्ता या विषयावर पुस्तक लिहिले, त्याची सुरुवात या प्रसंगापासून केली आहे. २७०० वर्षे झाली आणि टेलेमाकस आमच्या वाचनालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. आम्ही पुस्तक मिटले.

मग कारकुनी सवयीने आम्ही १६ व्या सर्गातली पाहुण्यांची मोजदादही पाहिली. एका बेटावरचे ५२, दुसऱ्यावरचे २४, तिसऱ्यावरचे २०, गावातले १२. बेरीज १०८. हिशेब चोख जुळतो. लुबाडायला आलेल्यांचा गाववार हिशेब आहे. राबणाऱ्यांचा नुसता आकडा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बंधूंकडे गेलो. वहिनी चहा ठेवत होत्या. आम्ही म्हणालो, "वहिनी, काल आमची चूक झाली. तुम्ही काय विचारणार होतात?"

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो भाऊजी." मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मला एवढंच विचारायचं होतं, की पेनूबाईनंच सांगितलं होतं, तर मग पेनूबाई बोलली का नाही?" आणि त्यानंतर जे सांगितले ते चौदा वर्षांत त्यांनी नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितले नव्हते.

२०११ साली वहिनी एका बिल्डिंगमध्ये चार घरांची कामे करत होत्या. त्यांतल्या एका घरच्या बाई चांगल्या होत्या, बोलायच्या, उरलेले नाही तर ताजे द्यायच्या. त्या बाईंच्या माहेरी अडचण आली. नवऱ्याला कळू न देता पैसे पाठवायचे होते. बाईंनी आपली सोन्याची बांगडी वहिनींजवळ दिली आणि गहाण ठेवून आणायला सांगितले. वहिनींनी ते केले. पैसे मोजून बाईंच्या हातात दिले. तीन महिन्यांनी सासूने लग्नाला जाताना बांगड्या मागितल्या. एक कमी निघाली. घरात बाहेरची येणारी कोण? कामवाली. सासूने आरडाओरडा केला, नवऱ्याने पोलीस बोलावले. वहिनींनी बाईंकडे पाहिले. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिले.

"दुपारभर चौकीत बसवलं," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी साहेबाचा फोन आला, राहू द्या, बाई नको म्हणत्ये, सोडून द्या. सुटले. पण चारही घरं गेली. बिल्डिंगीत पाय ठेवू देईनात."

आम्ही विचारले, "वहिनी, गहाणाची पावती असेल ना? कुणाच्या नावावर होती?"

"माझ्याच. ती बाईंकडं दिली होती."

वाचकहो, आम्ही आयुष्यभर पावत्या फाइलला लावल्या, पण ते ऐकून आमचे हात गार पडले. वहिनींचे नाव लिहिलेला, त्यांना निर्दोष ठरवणारा एकच कागद होता. आणि तो ज्या कपाटात होता त्याची किल्ली गप्प बसणाऱ्या बाईंकडे होती.

"तुम्ही सांगितलं का नाही?" आम्ही विचारले.

"सांगून कोण मानणार होतं? आणि सांगितलं असतं तर तिच्या नवऱ्यानं तिला मारलं असतं. मी बघितलं होतं त्याला हात उचलताना." थोडे थांबून म्हणाल्या, "तिचं भ्या मला समजतं, भाऊजी. पण तिनं एक शब्द बोलला असता तर माझी चार घरं गेली नसती. दोन्ही खरं आहे."

पुतणी आत अभ्यासाला बसली होती. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली ते आम्हाला कळले नाही. ती म्हणाली, "पहिलीत मला नवा युनिफॉर्म का नाही मिळाला, ते आज कळलं." वहिनी म्हणाल्या, "शेजारणीच्या पोरीचा चांगला होता की, नव्यासारखा." बस्स, एवढेच बोलणे झाले. पण मायलेकी त्या रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या, असे बंधूंनी नंतर सांगितले.

आमच्या मते या कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेचे मर्म वहिनींच्या 'दोन्ही खरं आहे' या शब्दांत आहे. वाचणाऱ्याला राणीचे दुःख कळते आणि राणीचे मौनही दिसते. चांगली कादंबरी दोन्ही दाखवते. ॲटवूडने राणीला बोलते केले, पण मध्ये मध्ये बारा दासींचा कोरस आणून राणीला सुटू दिले नाही. हे मोठे काम आहे.

पण या लाटेचे सगळेच गोड मानून घ्यावे असेही नाही. एक म्हणजे, बऱ्याच कादंबऱ्यांत बोलणाऱ्या बायका राण्या, राजकन्या किंवा देवता आहेत. ब्रिसेइससुद्धा गुलाम होण्याआधी उच्च कुळातली. उच्च कुळातली बाई गुलाम झाली की तिचे दुःख कादंबरीला पुरते. जी जन्मापासूनच गुलाम होती, जिच्या आईचीही किंमत बैलांत झाली, तिच्यावर पुस्तक कधी येणार? दुसरे म्हणजे, लाट आली की एकासारखी एक पुस्तके निघतात. आजचे विचार जुन्या तोंडात घालणे सोपे असते. आमच्या पुतणीनेही दोन पुस्तके अर्ध्यावर सोडली. वाचकाने तेवढे चोखंदळ असावे.

हे काम नवे आहे असेही नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीसने इ. स. पू. ४१५ मध्ये 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक केले. त्याच सुमारास त्याच्याच अथेन्स शहराने मेलोस बेटावरचे पुरुष मारून बायकापोरे गुलाम केली होती. आपल्याच लोकांसमोर त्याने हरलेल्या बायकांचा आक्रोश उभा केला. पुढे भाषांतरकारांनी मात्र वेगळेच केले. ब्रिटिश विदुषी एमिली विल्सन यांनी २०१७ साली ओडिसीचे इंग्रजी भाषांतर केले. इंग्रजीत ते संपूर्ण प्रसिद्ध करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी दाखवून दिले की, त्या बारा जणींसाठी आधीच्या काही पुरुष भाषांतरकारांनी घाणेरड्या शिव्यांचे शब्द वापरले, मूळ ग्रीकमध्ये तिथे शिवी नाहीच, नुसते 'या बायका' अशा अर्थाचे आहे. आणि ज्यांना 'मोलकरीण' म्हणून सौम्य केले जाई त्यांना विल्सनबाईंनी सरळ 'गुलाम' म्हटले. नोंद करणाऱ्याच्या हातात किती असते पाहा! शब्द कमी-जास्त केला की माणूस गुन्हेगार होतो.

आपल्याकडे बायकांनी दुसऱ्या कुणी आपली कथा लिहायची वाट पाहिली नाही. थेरीगाथेत भिक्खुणींचे उद्गार त्यांच्या नावांनिशी आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात चळवळीतल्या बायकांना शोधून, भेटून, त्यांची नावे लिहून ठेवली. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आपल्या घरात असायलाच हवे. पोरी ग्रीक राणीची कैफियत आवडीने वाचतात, त्यांच्या हाती हेही द्या. एकाने दुसरे वाचायची नजर येते. आमच्या पुतणीने आता दोन्ही एकदम वाचायला घेतली आहेत.

हा मजकूर छापण्याआधी आम्ही वहिनींना वाचून दाखवला आणि परवानगी मागितली. त्यांनी एकच अट घातली, "त्या बाईचं नाव लिहू नका. तिचा नवरा अजून आहे." आम्ही म्हणालो, "आणि तुमचं?" वहिनी हसल्या. म्हणाल्या, "माझं नाव पेपरात कशाला? माझं मी लिहिलंय."

पुतणीने वही आणून दाखवली. दोनशे पानी, रेघांची. आई सांगते आणि ती लिहिते, असे चालले आहे. बिल्डिंगीत त्या वेळी बरोबर कामाला जाणाऱ्या बायकांची नावे आधी लिहून काढली आहेत, आडनावासकट, गावासकट. त्यांतल्या दोघी आता नाहीत. पहिल्या पानावर मात्र पुतणीचे अक्षर नाही. तिथे वहिनींनी स्वतः, साक्षरता वर्गात शिकलेल्या मोठ्या अक्षरांत, आपले पूर्ण नाव लिहिले आहे.

पुढच्या रविवारी वाचनालयात गोष्ट वहिनी सांगणार आहेत. आम्ही दाराजवळ बसणार आहोत. तुमच्या वस्तीतही असा एखादा रविवार ठेवा. आपल्या आईला, मावशीला, सासूला एक प्रश्न विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. जमले तर लिहून घ्या. नावे विसरू नका.

रेशन कार्डात नाव कसे चढवायचे, ते पुढच्या अंकी.

जयभीम.